मृगाआधी गांडूळ बेडची तोटी उघडा

वळवाचे एक-दोन सडाके पडून गेलेत, मृग तोंडावर आलाय. शेणखत ओढणं, बियाणं आणणं, नांगरट, कुळवणी यात घरदार गुंतलेलं असतं आणि नेमकं या पंधरवड्यात परड्यातल्या गांडूळ खताच्या बेडकडं कुणी फिरकत नाही. म्हणून एकच काम आधी सांगतो. आज संध्याकाळी बेडच्या खालच्या कोपऱ्यातली तोटी उघडा आणि वरून दोन घागरी पाणी ओता. थोड्या वेळात पाणी खालून बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर पुढचं वाचण्याआधी तारेचा तुकडा घ्या आणि जाळी मोकळी करा.

तोटी बंद का होते हे मी किती घरी पाहिलंय. चैत्रात पाण्याची ओढ असते, म्हणून खाली झिरपणारं पाणी अडवायला तोटी आवळतात. कुणी व्हर्मीवॉश, म्हणजे बेडमधून झिरपलेलं पातळ खत, साठवायला कॅन लावतं आणि कॅन भरला की तोटी बंद करून ठेवतं. तयार बेडला जाळीची खिडकी असते, तिथून मुंग्या येतात म्हणून ती सुतळीनं बांधतात. तेव्हा ते बरोबरच असतं. पण उघडायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि दोन महिन्यांत आतून काळा गाळ बसून जाळी लिंपल्यासारखी होते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात एका घरी जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी सहाला मला बोलावणं आलं. बारा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच असा नेहमीचा प्लास्टिकचा बेड, वर चांगला पत्रा. गांडुळं बेडच्या बाहेरच्या अंगाला लोंबत होती, गोठ्याच्या भिंतीवर चढली होती, दाव्याच्या दोरीवरसुद्धा होती. खाली कोंबड्या वेचत होत्या. वहिनी म्हणाल्या, "आवं, वर पत्रा हाय की! पानी आलं कुटनं?" पाणी पश्चिमेच्या झडीनं आलं होतं, आणि पत्र्याची पागोळी सरळ बेडच्या काठावर पडत होती. मी हात घातला. वरचं चार बोटं खत भुसभुशीत, त्याखाली गार राबडी आणि गटारीसारखा वास. हाताला लागलेली गांडुळं पांढुरकी, लुळी, उचलताना तुटत होती. तोटी चैत्रातच बंद केलेली.

गांडूळ कातडीनं श्वास घेतं. ताज्या, हवा असलेल्या पाण्यात ते बराच वेळ तगतं. पण शेणात तुंबलेल्या पाण्यातली हवा तिथले जिवाणू भराभर संपवतात आणि ते पाणी मग मारतं. ज्यांना जमतं ती रातोरात बाहेर पडतात, बाकीची तळात कुजतात. पत्रा, शेडनेट, महागडा बेड यातलं काहीही बंद तोटीपुढं उपयोगाचं नाही.

बेडच्या तळाला तोटीकडं उतार हवा. बारा फुटांना तीन-चार इंच मी पुरेसा धरतो. तळात विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या किंवा तुरीच्या काटक्या, मग पाचट. ही जाड तळी नसेल तर उतार असूनही गाळ तोटीत जातो. सिमेंटच्या हौदाला भोकच नसेल तर छिन्नीनं पाडा, निदान अंगठा जाईल एवढं. घरात बादलीत किंवा टबात खत करणाऱ्यांनी बुडाला आठ-दहा भोकं पाडून बादली दोन विटांवर ठेवावी. फरशीवर टेकलेल्या बादलीची भोकं असून नसल्यासारखीच.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी आणि पन्हाळ्याच्या पश्चिम पट्ट्यात जमिनीत खड्डा खणून गांडूळ खत करूच नका. शिरोळच्या काळ्या रानातही नको, तिथं पाणी बाजूनं पाझरून आत येतं. जमिनीच्या वर, उंचवट्यावरच करा.

मृगापर्यंतची बाकी कामं:
– पत्रा बेडच्या बाहेर दोन फूट पुढं काढणे
– पश्चिमेला मेणकापड किंवा नारळाच्या झावळ्या बांधणे
– पागोळीच्या रेषेत चर
– तयार खत काढून सावलीत ढीग, चाळणी
– वर ओलं किलतान (गोणपाट), प्लास्टिक नाही
– पाणी मारणं कमी, मुठीत दाबून एक-दोन थेंब निघाले की पुरे
– दर आठ दिवसांनी तोटीत तार घालणे

गांडुळं गेलीच असतील तर दुकानाकडं पळू नका, हे मी हात जोडून सांगतो. अशा वेळी दुकानदार दोन गोष्टी गळ्यात मारतो: नवं कल्चर, म्हणजे बियाण्याची गांडुळं, किलोच्या भावानं आणि कुजवण्याची बाटली. दोन्ही लागत नाहीत. मेलेल्या बेडमध्येही गांडुळांच्या अंड्यांचे कोष शिल्लक असतात. मोहरीहून थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे, पिवळसर. मूठभर खत पांढऱ्या कागदावर पसरून पाहा, दिसतील. आयसेनिया फेटिडा या आपल्याकडच्या नेहमीच्या लाल गांडुळाच्या एका कोषातून दोन-तीन पिल्लं साधारण तीन आठवड्यांत बाहेर येतात. पाणी निथळू द्या, हातपंजानं अलगद मोकळं करा, कोरडं पाचट मिसळा, वरून थंड झालेल्या शेणाचा पातळ थर द्या आणि थांबा. नवा बेड सुरू करायलासुद्धा आठ-दहा किलो गांडुळं घ्यायला लावतात. एका किलोत हजारभर मोठी गांडुळं असतात. मी दोन किलोवर सुरुवात करायला सांगतो. भरायला थोडा उशीर होतो, पैसे वाचतात.

शेण थंड झालेलंच घाला. पंधरा ते वीस दिवस सावलीत पसरून, एकदा उलथून. ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा, ऊब लागली तर अजून थांबा. साखर कारखान्याच्या मळीचंही (प्रेसमड) तसंच. ती ताजी गरम होते, म्हणून निवल्यावर आणि शेणात मिसळूनच द्या.

बेडमध्ये इतर जीव दिसले की बायाबापड्या घाबरतात आणि कुणीतरी मुंग्यांची पावडर टाकतं. ती अजिबात नको, मुंग्यांच्या आधी गांडुळं जातात. लाल मुंग्या आल्या याचा अर्थ तो कोपरा कोरडा पडलाय, तिथं पाणी द्या आणि बेडभोवती हळदीची रेघ ओढा. वाणी, म्हणजे पैसा किडा, पालापाचोळा बारीक करतो, त्याला राहू द्या. गोम दिसली तर चिमट्यानं काढा, ती गांडुळं खाते. बारीक लाल कोळी थव्यानं दिसू लागले तर ओल जास्त झालीय, म्हणजे पुन्हा तोटी बघा.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात चपट्या, कडक पाठीच्या, मळकट अळ्या वळवळताना दिसतात. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. माशी काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही आणि घरातल्या अन्नावरही बसत नाही. अळ्या शिळा भात, भाजीची देठं, फळांच्या साली झपाट्यानं संपवतात. कोषात जाताना काळपट होऊन कोरड्या जागेकडं सरकतात, तेव्हा गोळा करून कोंबड्यांना घाला. त्यांचा डबा मात्र वेगळा ठेवा. गांडूळ बेडमध्ये त्या फार झाल्या तर ओला कचरा जास्त पडतोय, तो कमी करा.

पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी मात्र वेगळी. शेणाच्या ढिगात अंगठ्याएवढी सापडली तर बहुधा गेंडा भुंग्याची असते, तो नारळाचा वैरी. लहान असेल तर हुमणीही, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, असू शकते. ओळखण्यात वेळ घालवू नका, दोन्ही कोंबड्यांपुढं टाका. न कुजलेलं शेणखत उसात नेऊ नका, हुमणीला त्यातनं वाट मिळते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवा. हुमणीच्या रानाला मेटारायझियम बुरशीची शिफारस हेक्टरी २० किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून. माझा अनुभव असा की रान ओलं असताना दिलेलं लागू पडतं, कोरड्यात दिलेलं वाया जातं.

तयार खताची मात्रा हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी २ टन. व्हर्मीवॉश फवारायचं तर एक लिटर दहा लिटर पाण्यात. विकतचं खत घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे गांडूळ खतात ओलावा १५ ते २५ टक्के आणि नत्र किमान १ टक्का लागतो. ५० किलोच्या पोत्यात नत्र अर्धा किलोच धरा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते २० किलोच्या वर असतं. गांडूळ खत मातीचा कस, पाणी धरणं आणि मुळांसाठी घालायचं, नत्रासाठी नव्हे. पोतं दाबल्यावर हाताला पाणी लागलं तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

पंचगंगा, भोगावती, कासारीकाठच्या गावांसाठी आणखी एक. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण भोगलाय. कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जनावरं हलवायची वेळ आली की बेडचा विचार कुणी करत नाही, आणि तोटी उघडी असली तरी पुरापुढं ती काय करणार. म्हणून तरणा (पुनर्वसू नक्षत्राचा) पाऊस लागायच्या आत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात, बेडमधलं बुट्टीभर खत गांडुळांसकट काढा, बुडाला भोकं असलेल्या बादलीत भरा, वर ओलं किलतान टाका आणि माडीवर किंवा उंचावरच्या पाव्हण्यांच्या घरी ठेवा. आठवड्याला मूठभर थंड शेण एवढंच तिला लागतं. पाणी उतरल्यावर बेड धुऊन, गाळ काढून, तोटी तपासून याच बादलीतलं बियाणं परत सोडायचं.