अर्ध्या इंचाचा लोगो: टोरोंटोत गांजाचा ब्रँड कसा उभारावा

टोरोंटोच्या क्वीन स्ट्रीट वेस्टवर गांजाची परवानाधारक दुकानं इतकी दाट आहेत की एकातून निघून दुसऱ्यात शिरायला काही पावलं पुरतात. यातलं प्रत्येक दुकान माल एकाच घाऊक विक्रेत्याकडून घेतं. तो विक्रेता म्हणजे प्रांताची ऑन्टारिओ कॅनबिस स्टोअर, म्हणजेच ओसीएस. त्यामुळे सगळीकडच्या फळ्या जवळपास सारख्याच दिसतात. वर कॅनडाच्या कायद्यानं डबीवरची सजावटही काढून घेतली आहे. अशा ठिकाणी ब्रँड टिकतो तो आतल्या मालाच्या एकसारखेपणावर, आणि कामाची सुरुवातही तिथूनच करावी लागते. डिझायनरची पाळी त्यानंतर येते.

आधी हिशेब

समजा, गांजाच्या सुक्या फुलाची साडेतीन ग्रॅमची बरणी ग्राहकाला करासकट २५ डॉलरला मिळते. १३ टक्के एचएसटी हा विक्रीकर वजा केला की २२.१२ डॉलर राहतात. दुकानाचं मार्जिन ३० टक्के धरलं तर १५.४८ आणि ओसीएसचं २० टक्के धरलं तर १२.३९ डॉलर उरतात. यातून संघीय उत्पादन शुल्क जातं. सुक्या फुलावर ते ग्रॅममागे १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के यांपैकी जे जास्त असेल ते असतं. इथं ते साडेतीन डॉलर होतं. हाती राहिले ८.८९ डॉलर, म्हणजे ग्रॅमला अडीच डॉलरच्या आसपास. ऑन्टारिओचा ३.९ टक्क्यांचा जास्तीचा भार यात धरलेला नाही. फूल, बरणी, लेबल, प्रयोगशाळेची चाचणी, वाहतूक आणि विक्री प्रतिनिधीचा पगार हे सगळं एवढ्यातच बसवायचं आहे.

शुल्क ग्रॅमवर असल्यामुळे भाव उतरवला तरी ते उतरत नाही. स्वस्त मालाच्या शर्यतीत नवा ब्रँड बुडतो तो इथंच. तुमच्याकडे स्वतःची मोठी लागवड नसेल तर २८ ग्रॅमच्या स्वस्त पाकिटाच्या वाटेला जाऊ नका. साडेतीन ग्रॅमचं फूल किंवा प्री-रोल (आधीच वळून ठेवलेली गांजाची सिगारेट) यांपैकी एकच निवडा.

परवाना कोणाचा, नाव कोणाचं

नुसता ब्रँड काढून माल विकता येत नाही. हेल्थ कॅनडा या संघीय आरोग्य खात्याचा प्रक्रिया परवाना आणि महसूल खात्याचा शुल्क परवाना असलेला भागीदार लागतो. पॅकिंग तोच करतो आणि शुल्काचा शिक्काही तोच लावतो. करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. लॉट, म्हणजे एका खेपेत तयार झालेला माल, नापसंत करण्याचा अधिकार कोणाचा, नापसंत माल नष्ट करण्याचा खर्च कोणाचा, आणि करार मोडला तर छापून पडलेल्या बरण्यांचं काय. फुलासाठी लहान लागवडदार शोधा. २०२५ च्या मार्चपासून सूक्ष्म लागवड परवान्याची मर्यादा २०० वरून ८०० चौरस मीटर झाल्यामुळे एका चांगल्या लागवडदाराकडूनही पुरेसा माल मिळू शकतो.

ट्रेडमार्कचा अर्ज मात्र स्वतःच्या कंपनीच्या नावानं करा. भागीदाराच्या नावावर गेलेला ट्रेडमार्क परत मिळवणं फार जड जातं. अमेरिकेत गांजासाठी संघीय ट्रेडमार्क मिळत नाही, कॅनडात मिळतो. ओढायच्या सुक्या मालासाठी वर्ग ३४, खाद्यपदार्थांसाठी ३०, औषधी वापरासाठी ५, रोपं-बियाण्यांसाठी ३१. जून २०१९ पासून नोंदणीआधी वापर दाखवावा लागत नाही, म्हणून नाव ठरलं की छपाईची वाट न बघता अर्ज टाका.

नाव

लहान ठेवा, दोन किंवा तीन अक्षरी. डबीवर ब्रँडचं नाव आरोग्य-इशाऱ्याच्या अक्षरांपेक्षा मोठं छापता येत नाही. लांब नाव त्या आकारात वाचता येत नाही. लेबल इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत लागतं, तेव्हा नाव दोन्ही भाषांत न अडखळता म्हणता येतं का, हे त्या भाषा बोलणाऱ्यांकडून वदवून घ्या. काउंटरवर उभा ग्राहक नाव उच्चारायला बिचकला तर तो शेजारच्या बरणीकडे बोट दाखवतो.

झोप, वेदना, चिंता यांचा इशारा देणारं नाव आरोग्याचा दावा ठरू शकतं आणि तो करायला बंदी आहे. मिठाई-गोळ्यांची आठवण करून देणारं नाव लहान मुलांना आकर्षित करणारं ठरतं. व्यक्ती, पात्र किंवा प्राणी, खरा असो वा काल्पनिक, चित्रात चालत नाही. मराठी-हिंदी मंडळींना पहिल्यांदा सुचतो तो जटाधारी शंकर. तो या नियमात अडकतो, नंदीही अडकतो. कायदा बाजूला ठेवला तरी श्रद्धेचं चित्र नशेच्या डबीवर टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डबी

बाहेरचा रंग एकच. धातूची चमक, फ्लुरोसंट छटा, उठावाची छपाई, सुगंध यांपैकी काहीही नको. पिवळा आरोग्य-इशारा आणि टीएचसीचं (गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं) लाल चिन्ह त्या रंगावर उठून दिसलं पाहिजे. म्हणून पिवळ्या-लालाच्या जवळचे रंग सोडा. नावाशिवाय ब्रँडची एकच खूण लावता येते. ती चित्र असेल तर टीएचसी चिन्हापेक्षा मोठी चालत नाही आणि त्या चिन्हाचा किमान आकार १.२७ सेंटीमीटर, म्हणजे अर्धा इंच. लोगो काढून घेताना डिझायनरला पहिल्या दिवसापासून त्याच आकारात छापून आणायला सांगा. पडद्यावर सुंदर दिसणाऱ्या बारीक रेषा अर्ध्या इंचात शाईनं भरून जातात. दीड-दोन मीटरवरून ओळखू येणारा एकच भरीव आकार पुरे.

२०२५ च्या बदलांनंतर झाकणाला वेगळा रंग देता येतो, सुक्या मालाला पारदर्शक खिडकी ठेवता येते आणि क्यूआर कोड लावता येतो. यातलं झाकण सर्वांत कामाचं, कारण खणात ठेवलेल्या बरणीचं वरून तेवढंच दिसतं. खिडकी मोहक असते, पण उजेडानं फूल तपकिरी पडतं आणि वास उतरतो. दुकानात माल किती दिवस पडून राहील हे तुमच्या हाती नसेल तर खिडकी घेऊ नका.

बरणीच्या आत

ग्राहक दुसऱ्यांदा येतो तो आतल्या मालासाठी, म्हणून इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

काढणीनंतर फूल साधारण १६ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत दहा ते चौदा दिवस वाळवावं, मग किमान दोन-तीन आठवडे बंद डब्यात मुरवावं. घाई केली की बाहेरून कोरडं, आतून ओलं फूल बरणीत जातं. चार दिवसांत ओल बाहेर येते आणि वाळलेल्या गवतासारखा वास सुटतो. पॅकिंगच्या दिवशी वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजा, म्हणजे फुलात मोकळं पाणी किती आहे याचं माप घ्या; ती ०.५५ ते ०.६५ दरम्यान हवी. वर गेली तर बुरशीचा धोका, खाली गेली तर फुलाचा भुगा होतो आणि टर्पीन, म्हणजे फुलाला वास देणारी द्रव्यं, उडून जातात. बरणीत ५८ किंवा ६२ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी टाका, पण ओल्या मालाला ती वाचवेल अशी आशा धरू नका.

प्री-रोलमध्ये चूक जास्त दिसते. चुरा फार बारीक झाला तर दम ओढला जात नाही, फार जाड राहिला तर एकच बाजू पेटत जाते. फुलाऐवजी पानांची कात्रणं भरली की घसा खवखवतो. प्रत्येक लॉटमधून वीस नग काढा. सगळे वजन करा, सगळ्यांचा कोरडा दम (न पेटवता ओढून) तपासा, पाच उभे चिरून वरपासून खालपर्यंत भरणी सारखी आहे का बघा. वीसपैकी दोन बिघडलेले निघाले तर लॉट थांबवा.

लेबलवरचा टीएचसीचा आकडा फुगवण्याचा मोह इथं सगळ्यांनाच होतो, कारण बरेच ग्राहक आकडा बघूनच घेतात. मोठा आकडा देणारी प्रयोगशाळा शोधत फिरू नका. २२ टक्के लिहून तसाच अनुभव देणारी बरणी ३० टक्के लिहून निराश करणारीपेक्षा जास्त काळ विकली जाते. पॅकिंगची तारीख लेबलवर असतेच आणि जाणता ग्राहक ती आधी बघतो. म्हणून थोडा माल वारंवार पाठवा, सहा महिन्यांचा साठा एकदम नको.

दुकानदार आणि बडटेंडर

अल्पवयीन मुलं वावरतात अशा जागी जाहिरात नाही, नामवंतांची शिफारस नाही, कार्यक्रमाचं प्रायोजकत्व नाही, खरेदीवर बक्षीस नाही, फुकट माल वाटणं नाही. फळीवरच्या जागेसाठी दुकानाला पैसे किंवा भेटी देणं ऑन्टारिओत दोघांनाही अंगाशी येतं. राहतो तो बडटेंडर, म्हणजे काउंटरवर ग्राहकाला माल सुचवणारा विक्रेता. प्रत्येक दुकानाला एका पानाची माहिती द्या: कोणतं वाण, कोणी पिकवलं, कधी काढलं, किती दिवस मुरवलं, मुख्य टर्पीन कोणते. पहिल्या ओळीत असं एक वाक्य ठेवा जे बडटेंडर ग्राहकाला जसंच्या तसं सांगू शकेल. ‘हातानं छाटलेलं, तीन आठवडे मुरवलेलं’ हे चालतं. ‘उत्कृष्ट दर्जा’ कोणाच्याच लक्षात राहत नाही.

सुरुवातीला शहरभर पसरू नका. वीस दुकानं निवडा आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येकात जा. फळीवरच्या बरणीची तारीख बघा, परत आलेल्या नगांबद्दल विचारा, लॉट नंबर टिपून भागीदाराला त्याच दिवशी कळवा. फेरमागणी आठवड्याला किती, हे दुकानवार लिहून ठेवा. हळू खपणारा माल ओसीएस यादीतून काढते आणि परत आत यायला वेळ लागतो.

दुसरं उत्पादन काढायची घाई नको. पहिल्याचे सलग तीन लॉट ओल, वजन आणि वास या तिन्हींत सारखे उतरले आणि वीसपैकी निम्म्या दुकानांनी न सांगता फेरमागणी दिली, तर पुढचं वाण शोधायला लागा.