रात्री खाज सुटून झोपेचं खोबरं होतंय? मग या चुका टाळा

दिवसभर अंग बऱ्यापैकी गप्प असतं आणि पाठ टेकली रे टेकली की खाज सुरू, एक्झिमा-सोरायसिससारखे त्वचेचे जुनाट आजार असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हे मनाचे खेळ नाहीत हो. रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे दाह आटोक्यात ठेवणारं हार्मोन, कमी झालेलं असतं, त्वचा जरा गरम होते, तिच्यातलं पाणी जास्त उडतं, आणि वर लक्ष दुसरीकडे जायला काहीच नसतं.

सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः कित्येक वर्षं केली, ती म्हणजे झोपायच्या आधी कडकडीत पाण्याने अंघोळ. पाणी अंगावर पडताना अगदी खाजवल्यासारखंच सुख मिळतं, पण बाहेर आल्यावर थोड्याच वेळात कातडी ताणायला लागते आणि मग पांघरुणात नुसती आग आग. कोमट पाणी, ५ ते १० मिनिटं, बास. टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच २-३ मिनिटांत बिनवासाचं घट्ट क्रीम नाहीतर पेट्रोलियम जेली लावा. मी आधी निवांत मोबाइल बघून मग लावायचे, तोवर अंग कोरडं ठाक! आणि हे सगळं झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी उरका, नाहीतर अर्धं क्रीम चादरच पिते.

दुसरं, खाजेची गोळी रोज झोपेसाठी घेणं. जुन्या अँटिहिस्टामिनने (अॅलर्जीवरच्या गोळीने) गुंगी येते हे खरं, पण ही गोळी ज्या हिस्टामिनला, म्हणजे अॅलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाला, रोखते, एक्झिमाची खाज मुख्यतः त्याच्यामुळे नसतेच, मग खाज तिथल्या तिथे आणि सकाळी डोकं जड. स्टेरॉइड क्रीमला घाबरून डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्ध्यात सोडणं पण चूक, आणि आपल्या मनाने महिनोन्महिने फासत राहणं त्याहून मोठी चूक.

लोकरीचं पांघरूण नको, कपडे सुती, सैल. नखं मात्र बारीक कापाच, कारण झोपेत हात कुणाचं ऐकत नाही, सकाळी उशीच्या कव्हरवर रक्ताचे ठिपके दिसले की कळतं रात्री काय चाललं होतं ते. जाग आलीच तर खाजवण्याऐवजी गार ओला कपडा दाबून धरा, क्रीमची डबी फ्रिजमध्ये ठेवली तर तीही कामाला येते.

आणि खाज अचानक सुरू झालीय, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर बारीक पुरळ आहे, घरात अजून कुणीतरी खाजवतंय, तर ती खरूज असू शकते. मग क्रीमं बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावं लागतं.