शेजारी-शेजारी १ नसलेल्या संख्या झटपट काढा

ज्यांच्या द्विमान रूपात (फक्त ० आणि १ वापरून लिहिल्यावर) दोन १ कधीच लागून येत नाहीत अशा संख्यांची यादी (१, २, ४, ५, ८, ९, १०, १६...) काढताना बहुतेक जण प्रत्येक संख्येची अक्षरमाळ करून '११' शोधत बसतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून भाचाही परवा तेच करत होता, आणि लॅपटॉपचा पंखा घरघरत होता.

एकच संख्या तपासायची असेल तर: न & (न >> १) शून्य आलं की संख्या यादीत (न म्हणजे ती संख्या; तिचे द्विमान अंक उजवीकडे एक घर सरकवायचे, मग मूळ संख्येशी जुळवून दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा). २१ म्हणजे १०१०१, एक घर सरकवली की ०१०१०. जुळणारा १ कुठेच नाही, पास. २२ म्हणजे १०११०, सरकवून ०१०११. एका जागी दोन्हीकडे १, नापास.

अख्खी यादी हवी असेल तर तपासूच नका, थेट बनवा:

१. १ पासून सुरुवात करा.
२. यादीतली पुढची संख्या घ्या, तिची दुप्पट यादीच्या शेवटी जोडा.
३. ती सम असेल तरच दुप्पट अधिक १ हेही जोडा.

यादी आपोआप चढत्या क्रमाने येते, सॉर्ट करायची भानगड नाही. ० मात्र हाताने घाला. तो धरून १०,४८,५७६ च्या खाली अशा १७,७११ संख्याच आहेत (हा आकडा फिबोनाची क्रमातलाच, म्हणजे जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते), म्हणजे बाकीच्या दहा लाखांना हातही लावावा लागत नाही.

सी या प्रोग्रामिंग भाषेत == (दोन बाजू समान आहेत का ही तुलना) हे & च्या आधी चालतं, म्हणून (न & (न >> १)) == ० असा बाहेरचा कंस हवाच. भाच्याचा तासभर तिथेच गेला.