डेअरीसाठी ५०० किलोवॅटचं गॅस इंजिन: सहवीजनिर्मितीचा हिशेब तासागणिक कसा मांडावा

सहवीजनिर्मितीचे, म्हणजे एकाच इंधनातून वीज आणि उपयोगी उष्णता दोन्ही मिळवण्याचे, बहुतेक प्रस्ताव वर्षाच्या सरासरीवर मांडले जातात आणि तिथेच फसतात. वीज जवळपास सतत लागते, उष्णता मात्र तुकड्यातुकड्यांनी. म्हणून स्प्रेडशीटमध्ये ८,७६० ओळी करा, वर्षाच्या प्रत्येक तासाला एक. प्रत्येक ओळीत त्या तासाची विजेची, वाफेची आणि गरम पाण्याची मागणी आणि त्या तासाचा वीजदर लिहा.

विजेचे आकडे वीज कंपनीच्या मीटरच्या लोड सर्व्हेतून (मीटरमधल्या वेळेनुसारच्या नोंदींतून) मिळतात. उष्णतेचे मात्र मोजावेच लागतात. दुधाच्या लिटरवरून अंदाज बांधाल तर मोठी चूक होईल. ताशी १०,००० लिटर दूध ४ अंशांवरून ७२ अंशांवर न्यायला सुमारे ७६० किलोवॅट लागतात खरे, पण पाश्चरायझरचं रिजनरेशन (तापलेल्या दुधाची उष्णता आत येणाऱ्या थंड दुधाला देणं) ९० टक्के असेल तर बाहेरून द्यायची उष्णता उरते जेमतेम ७५ किलोवॅट. खरी मागणी सीआयपी (यंत्रं न उघडता आतून धुणं), क्रेट-कॅन धुणं आणि पावडर किंवा खव्याची वाफ यांत असते. वाफेला आणि गरम पाण्याला फ्लो मीटर लावून निदान दोन आठवडे नोंद घ्या. त्यात सुट्टीचा एक दिवस हवाच.

आता इंजिन. समजा पूर्ण भाराला विद्युत कार्यक्षमता ४० टक्के आहे, म्हणजे इंधनातून १,२५० किलोवॅट आत जातात. गॅसचा एलसीव्ही (धुरातल्या पाण्याच्या वाफेतली उष्णता सोडून मिळणारा उष्मांक) घनमीटरला ८,५०० किलोकॅलरी, म्हणजे ९.८९ किलोवॅट-तास धरला, तर ताशी सुमारे १२६.५ घनमीटर गॅस लागेल. इथला सापळा नीट ओळखा: इंजिन कंपनी कार्यक्षमता एलसीव्हीवर सांगते, पण गॅसचा दर जीसीव्हीवर (ती उष्णताही धरणाऱ्या उष्मांकावर) ठरलेला असू शकतो. दोन्हींत सुमारे १० टक्के फरक असतो. करार वाचून सगळं एकाच पायावर आणा. निम्म्या भाराला कार्यक्षमता ३६ टक्क्यांवर येते असं धरलं, तर गॅसचं सूत्र साधं होतं: ताशी घनमीटर = १४ + ०.२२५ × किलोवॅट. निम्म्या भाराखाली इंजिन बंद दाखवा.

उष्णतेचे दोन प्रवाह वेगळे ठेवा. जॅकेटचं (इंजिन थंड ठेवणारं) पाणी ९० अंशांवर बाहेर पडतं आणि सुमारे २५० किलोवॅट देतं, पण ते फक्त गरम पाण्याच्या कामाचं. एक्झॉस्ट (इंजिनचा धूर) ताशी २,७०० किलो, ४३० अंश. ८ किलो दाबाची वाफ करायची तर तो १९० अंशांच्या फार खाली आणता येत नाही, त्यामुळे हाती १९८ किलोवॅट लागतात, म्हणजे ८५ अंशांच्या फीड वॉटरवर (बॉयलरला पुरवायच्या पाण्यावर) ताशी सुमारे २९५ किलो वाफ. प्रस्तावात एक्झॉस्ट १२० अंशांपर्यंत थंड केलेला दिसला आणि सगळी वाफच धरलेली असली, तर तो आकडा खोटा समजा.

प्रत्येक तासाला वापरलेली उष्णता = उपलब्ध आणि मागणी यांपैकी लहान आकडा. उरलेली रेडिएटरवर फुकट जाते. प्रक्रियेतून परत येणारं पाणीच ८० अंशांचं असेल, तर जॅकेटची उष्णता फारशी उचलली जात नाही. १० घनमीटरची टाकी ६५ ते ८५ अंशांमध्ये खेळवली तर सुमारे २३० किलोवॅट-तास साठतात, म्हणजे जॅकेटची जेमतेम तासाभराची उष्णता. तिच्याकडून रात्रभराची अपेक्षा करू नका.

आता पैसा. हे दर केवळ उदाहरणासाठी: वीज युनिटला ९ रुपये, गॅस घनमीटरला ५० रुपये, देखभाल युनिटला १ रुपया, संचाच्या स्वतःच्या पंप-पंख्यांसाठी २० किलोवॅट, जुना गॅस बॉयलर ८८ टक्के. पूर्ण भाराच्या एका तासात:

वाचलेली वीज ४८० × ९ = ४,३२० रुपये
सगळी उष्णता वापरली तर वाचलेला गॅस ५१.५ घनमीटर, २,५७५ रुपये
इंजिनचा गॅस ६,३२५ रुपये, देखभाल ५०० रुपये

हाती उरतात ७० रुपये. जॅकेटची निम्मी उष्णता वाया गेली तर तासाला सुमारे ६५० रुपये तोटा. तोच वीजदर संध्याकाळच्या महाग तासांत १०.५० असेल आणि उष्णता पूर्ण वापरली जात असेल, तर ७९० रुपये फायदा. म्हणून मॉडेलला तोट्याच्या तासांत इंजिन बंद ठेवू द्या. मात्र गॅस करारात किमान उचलीची अट असेल तर तिचा दंडही धरा.

जुना बॉयलर ब्रिकेटवर (शेतकचऱ्याच्या दाबलेल्या ठोकळ्यांवर) चालत असेल तर वाचलेल्या उष्णतेची किंमत गॅसच्या निम्म्याहूनही कमी होऊ शकते. तिथे वरचं गणित सरळ उलटतं. विजेचा दरही बिलाला युनिटांनी भागून काढू नका. प्रत्येक युनिटमागे खरोखर वाचणारे आकार तेवढेच घ्या. मागणी आकार (महिन्यातल्या सर्वोच्च भारावर लागणारा) वेगळा ठेवा, कारण महिन्यात ऐन भाराच्या वेळी इंजिन एकदा ट्रिप झालं तरी त्या महिन्याची ती बचत जाते.

८,७६० तासांतून देखभालीसाठी आठ-दहा टक्के तास वजा करा. मोठं ओव्हरहॉल एक तर प्रतियुनिट देखभालीत धरा किंवा त्या वर्षाच्या खर्चात, दोन्हीकडे नाही. मग गॅसदर २० टक्के वर-खाली करून दहा वर्षांचा रोख प्रवाह पुन्हा काढा.

संच सुरू झाल्यावर पहिली तपासणी सोपी आहे: एका घनमीटरमागे जनरेटरची किती युनिटं? पूर्ण भाराला ३.९५ च्या आसपास यायला हवीत. आकडा ३.७ च्या खाली राहिला तर आधी सरासरी भार आणि गॅसचा उष्मांक पाहा, मगच इंजिनच्या ट्यूनिंगकडे वळा.