एक डिझाइन सिस्टिम, अनेक ब्रँड: टोकनची नावं कशी ठरवावीत

एकच डिझाइन सिस्टिम, म्हणजे स्क्रीनच्या तुकड्यांचा आणि नियमांचा सामाईक संच, अनेक ब्रँडना वापरायची असेल तर आधी सगळ्या ब्रँडची बटणं, फॉर्म आणि कार्डं एका फाइलमध्ये शेजारी शेजारी मांडा. ज्यांचं वागणं सारखं आहे ते कंपोनंट (असे पुन्हा वापरायचे तुकडे) सामाईक. बाकीचे ज्याचे त्याच्याकडे राहू द्या.

मग फिग्मा या डिझाइनच्या साधनात व्हेरिएबल्स करा, म्हणजे रंग, माप अशा मूल्यांना नावं द्या; हीच टोकन. प्रत्येक ब्रँडला एक मोड द्या, म्हणजे त्याच नावांसाठी त्या ब्रँडच्या मूल्यांचा संच.

खरी कसोटी नावांची. ‘रंगावरून नाव नको, कामावरून द्या’ हा सल्ला सगळे देतात आणि तिथेच थांबतात. तो अपुरा आहे. ‘मुख्य रंग’ हे कामावरून दिलेलं नाव वाटतं, पण तेच टोकन बटणाच्या पार्श्वभूमीला, लिंकच्या अक्षरांना आणि चौकटीच्या रेषेला लागतं. गडद निळ्या ब्रँडमध्ये काही बिघडत नाही. झेंडूपिवळा ब्रँड आला की पिवळ्या बटणावरची पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत आणि पांढऱ्या पानावरची पिवळी लिंक दिसत नाही. घाईत कोणीतरी कंपोनंटच्या कोडमध्ये ‘ब्रँड अमुक असेल तर’ अशी अट घालतो. ही अट एकदाही मान्य करू नका, ‘एवढ्यापुरतंच’ म्हटलं तरी नाही. पुढचा ब्रँड आला की असा प्रत्येक कंपोनंट पुन्हा उघडावा लागतो.

त्याऐवजी जोड्या करा: ‘मुख्य बटण–पार्श्वभूमी’ आणि ‘मुख्य बटण–अक्षरं’. लिंकचं टोकन वेगळं. पिवळ्या ब्रँडमध्ये बटणावरची अक्षरं काळी होतील, लिंक गडद तपकिरी. कंपोनंटला हातही लागणार नाही. प्रत्येक जोडी प्रत्येक मोडमध्ये तपासा: डब्ल्यूसीएजी या वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. पण म्हणून कंपोनंटगणिक टोकन काढत सुटू नका. दोन जागांचं मूल्य एखाद्या ब्रँडमध्ये वेगळं असू शकतं का? हो असेल तरच दोन टोकन.

ओळीची उंची मात्र ब्रँडवर सोडू नका, ती लिपीप्रमाणे ठरवा. इंग्रजीवर बेतलेल्या घट्ट बटणात ‘पार्टी’तला रफार वरून कापला जातो, ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्री’ खालून. बटणाला ठरावीक उंची न देता आतली जागा द्या आणि चाचणीला असेच शब्द घ्या.

टोकन कोडमध्ये न्यायला स्टाइल डिक्शनरी हे टोकनांच्या फाइलमधून कोड बनवणारं साधन पुरेसं आहे.

जुनं टोकन थेट उडवू नका. आधी ‘बंद होणार’ अशी खूण करा, पर्याय लिहा आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत काढा.