जीपचा मागचा ॲक्सल स्वस्तात बदलला: माझा अनुभव

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने माझ्या जुन्या जीपचे मागचे ब्रेक पार खाल्ले होते. सुटे भाग जमवण्यापेक्षा कोल्हापूरच्या भंगारातून ड्रमसकट अख्खा ॲक्सलच उचलला; तोच स्वस्त पडला. घेण्याआधी डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) रेशो तपासाच. पुढचा-मागचा वेगळा असेल तर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची, वाट लागते.

ॲक्सलला पाट्यांशी (लीफ स्प्रिंगशी) जखडणाऱ्या गंजलेल्या यू-बोल्टवर आदल्या रात्री डिझेल सोडलं, तरी काही कापावेच लागले. नवेच घाला, इथे काटकसर नको. पाट्यांचा सेंटर बोल्ट ॲक्सलच्या भोकात बसला की मगच आवळा. ब्रेक लायनर आणि व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरची) रबरं नवी. ब्रेक पाइप बोटाने चोळला तर गंजाचे पापुद्रे निघाले, तोही बदलला. ब्रेक ऑइलमधली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) लांबच्या चाकाने सुरुवात केली. आता पेडल घट्ट लागतं.