जावा स्विंगमध्ये विंडो उघडते पण आत काहीच दिसत नाही? या चुका टाळा

परवा रात्री साडेदहाला गल्लीतला डिप्लोमाचा पोरगा लॅपटॉप घेऊन दारात, "दादा, सकाळी सबमिशन हाय आणि विंडोत काय दिसंनाच की." आयडिया मात्र एकदम भारी होती, शाहू स्टेडियमवरच्या मॅचसाठी स्कोअरबोर्ड, दोन टीम, दोन बटनं, गोल दाबला की आकडा वाढणार आणि खालच्या मैदानावर बॉल डावीकडनं पळत जाऊन जाळ्यात बसणार. फुटबॉलच्या सीझनला कोल्हापुरात दुसरं काही सुचतही नाही म्हणा. स्विंग, म्हणजे जावात विंडो-बटनं बनवायचं सामान, शिकताना पोरं ज्या चुका करतात त्या बहुतेक सगळ्या या एका फाइलीत सापडल्या म्हणून लिहून ठेवतोय. जावातली नावं आपण बोलतो तशीच लिहिलीत, टाइप करताना कॅपिटल-स्मॉल बघून टाका, जावा त्या बाबतीत लई खडूस आहे.

विंडो मोकळी का होती, तर कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे विंडो तयार होताना चालणाऱ्या कोडच्या, पहिल्याच ओळीत सेटव्हिजिबल ट्रू (विंडो दाखव) आणि बटनं त्याच्या खाली ॲड केलेली. मी विंडोचा कोपरा धरून जरा ओढला आणि बटन हजर. "आता कुठनं आलं हे?" साइज बदलली की स्विंग आतली मांडणी परत करतं, म्हणून आलं. आधी सगळं ॲड करा, मग पॅक (आतल्या वस्तूंना पुरेल एवढी विंडो करतं), सेटव्हिजिबल सगळ्यात शेवटी. आणि प्रोग्राम चालू असताना काही ॲड करायची वेळ आलीच तर मागून रिव्हॅलिडेट (मांडणी परत कर) आणि रिपेंट (चित्र परत काढ) दोन्ही बोलवा.

बटन आलं पण दोनातलं एकच, तेही अख्खी विंडो व्यापून. जेफ्रेमला, म्हणजे विंडोला, न सांगताच बॉर्डरलेआउट (वर, खाली, डावी, उजवी आणि मधली अशा पाच जागांची मांडणी) लागलेला असतो, जागा न सांगता ॲड केलं की वस्तू सेंटरला जाते, दुसरी टाकली की तीही सेंटरलाच, मग पहिलीला कोण विचारतंय. दोन्ही बटनं एका जेपॅनलमध्ये, म्हणजे वस्तू ठेवायच्या डब्यात, घाला आणि तो पॅनल बॉर्डरलेआउट डॉट साउथला लावा, झालं. याला वैतागून बरीच पोरं लेआउट नल करून प्रत्येक बटनाला एक्स-वाय आकडे देत बसतात, आपल्या लॅपटॉपवर झकास दिसतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर फॉन्ट मोठा असला की अक्षरं कापली जातात.

एक जाता जाता, कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं मिळणाऱ्या नोट्समध्ये अजून गेटकंटेंटपेन डॉट ॲड असं लिहिलेलं असतं. स्विंग १९९८ साली जावा १.२ बरोबर आलं तेव्हा तसंच लिहावं लागायचं, २००४ च्या जावा ५ पासून फ्रेमवर सरळ ॲड चालतं. जुनं लिहिलं तरी चूक नाही, घाबरू नका.

आता मैदान. ते काही केल्या येईना, एरर पण नाही. चित्र काढायची मेथड पेंटकंपोनंट, पोरानं लिहिलेली पेंटकंपोनंट्स, शेवटी एक एस जास्त. यातली गंमत अशी की त्या नावाची पण मेथड जावाच्या कंटेनर क्लासमध्ये खरोखर आहे, त्यामुळं मेथड पब्लिक लिहिली असेल तर वर ओव्हरराइडचं ॲनोटेशन (ही मेथड वरच्या क्लासमधलीच आहे ना ते तपासायची खूण) लावूनसुद्धा कंपायलर गप्प बसतो आणि ती मेथड कधीच बोलावली जात नाही. बाकी स्पेलिंगच्या चुका ॲनोटेशन पकडतं, जेफ्रेममध्येच पेंटकंपोनंट लिहिली असेल तर तेही पकडतं कारण जेफ्रेमला ती मेथड नाहीच, ती जेपॅनलला असते. हा एस मात्र डोळ्यांनीच शोधायचा.

मैदान आलं, पण आता मिनिमाइज करून परत उघडलं की बॉल गायब. कारण बॉल काढला होता बटन दाबल्यावर चालणाऱ्या ॲक्शनपरफॉर्म्डमध्ये, गेटग्राफिक्स करून, म्हणजे थेट स्क्रीनवर. ही चूक लई जण करतात आणि मला वाटतं मुळात समज उलटी असते म्हणून करतात, आपल्याला वाटतं चित्र आपण काढायचं. तसं नाही. मिसळीच्या दुकानात प्लेट भरून ठेवलेल्या नसतात, गिऱ्हाईक बसलं की फरसाण, मटकी, कट घालून प्लेट तिथंच लागते, परत मागितली की परत लागते. स्विंग हे गिऱ्हाईक आहे, विंडो झाकली, उघडली, ताणली की ते परत प्लेट मागणार, आणि प्लेट लावायची जागा एकच, पेंटकंपोनंट. बटनानं फक्त माल बदलायचा, म्हणजे बॉलचा एक्स, गोलचा आकडा, आणि रिपेंट म्हणून आत ऑर्डर टाकायची. रिपेंट स्वतः काही काढत नाही, चार रिपेंट लागोपाठ म्हटले तर चारांचं मिळून एकदाच चित्र निघेल, तेही सवडीनं. आणि कट काय प्लेट लावताना शिजवत नाहीत, तेव्हा इमेज फाइल पेंटकंपोनंटमध्ये वाचू नका, कन्स्ट्रक्टरमध्ये एकदा वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा.

मग बॉल पळायला लागला तर मागं बॉलची माळ. पहिल्या ओळीत सुपर डॉट पेंटकंपोनंट विसरलेलं, ते जुनं पुसतं. उष्ट्या प्लेटमध्येच दुसरी मिसळ वाढल्यासारखं.

पळायला लागला म्हणालो खरं, पण त्याच्याआधी तासभर गेला होता. ॲक्शनपरफॉर्म्डमध्ये फॉर लूप, एक्स ० पासून १२५० पर्यंत, दर फेरीला रिपेंट आणि थ्रेड डॉट स्लीप १० (१० मिलिसेकंद झोप). दाबलं की बटन दबलेलंच राहतं, बारा सेकंद विंडो ठार हँग, आणि मग बॉल एकदम जाळ्यात. बटनाचे क्लिक घेणारा आणि प्लेट लावणारा माणूस एकच असतो, इव्हेंट डिस्पॅच थ्रेड, आणि त्यालाच आपण झोपवलं. लूप काढून टाका, स्विंगचा टायमर घ्या, २० मिलिसेकंदाचा, दर टिकटिकीला एक्स १० नं वाढवा, रिपेंट करा, जाळं आलं की टायमर स्टॉप. वर जावा डॉट युटिल आणि जावाएक्स डॉट स्विंग दोन्ही स्टार लावून इम्पोर्ट केले असतील तर टायमर ॲम्बिग्युअस अशी एरर येते, दोन्हीकडं त्या नावाचा क्लास आहे, तेव्हा पूर्ण नाव लिहा. अजून एक, प्रत्येक गोलला नवा टायमर बनवू नका. आमच्या बॉलचा वेग पहिल्या गोलला बरा, तिसऱ्याला दिसंना, कारण तीन टायमर एकच बॉल ढकलत होते.

नलपॉइंटर, म्हणजे रिकाम्या व्हेरिएबलची एरर, यायला लागला तर आधी कन्स्ट्रक्टर बघा. वर फील्ड (अख्ख्या क्लासचं व्हेरिएबल) लिहिलेलं असतं, जेलेबल स्कोअर, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये परत जेलेबल स्कोअर बरोबर न्यू जेलेबल. पुढं टाइप लिहिला की तो नवा लोकल, म्हणजे कन्स्ट्रक्टरपुरता, झाला, फील्ड नलचं नलच. लेबल स्क्रीनवर दिसतं आणि दाबल्यावर एरर येते म्हणून डोकं चक्रावतं. पुढचा जेलेबल शब्द तेवढा खोडा.

किरकोळ बाकीचं. ड्रॉओव्हलला दिलेला एक्स-वाय हा वर्तुळाच्या मधला नसतो, त्याच्याभोवतीच्या चौकोनाचा डावा वरचा कोपरा असतो, मधोमध हवा तर त्रिज्या वजा करून द्या. वाय खाली जाताना वाढतो, शाळेतल्या ग्राफच्या उलटा. ड्रॉस्ट्रिंग ०,० ला लिहिलं तर अक्षरं विंडोच्या वर जातात. क्रॉस दाबला की विंडो फक्त लपते, प्रोग्राम मागं चालूच, म्हणून सेटडिफॉल्टक्लोजऑपरेशनला एक्झिटऑनक्लोज द्या. आणि टीमची नावं मराठीत लिहिलीत तर दोन वेगळ्या भानगडी होतात: नुसते चौकोन आले तर फॉन्ट चुकलाय, विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआय लावून बघा, चित्रविचित्र अक्षरं आली तर एन्कोडिंग (फाइलीत अक्षरं साठवायची पद्धत), जेडीके १८ च्या आधीचा असेल तर कंपाइल करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगावं लागतं.

एक वाजता पोरगं खुश होऊन घरी गेलं. सकाळी अकराला मेसेज, "दादा, लॅबच्या पीसीवर बॉल भाईर जातोय, गोलपोस्टच दिसंना." लॅबमध्ये जुना चौकोनी मॉनिटर, १०२४ रुंदीचा, आणि आमचा पोस्ट १२५० वर ठोकलेला. तो आकडा रात्री मीच बघून सोडला होता. फोनवरच सांगितलं, १२५० जिथं जिथं आहे तिथं गेटविड्थ वजा ५० लिही, पेंटकंपोनंटमध्ये पण आणि टायमरमध्ये पण. टायमरमधला तो विसरला, पण तेवढं त्याला स्वतःलाच सापडलं.